आभा कार्ड निघालं, पण माहिती पोहोचली का?

१६ जून २०२० या दिवशी महाराष्ट्राच्या कोरोनाबळींच्या आकड्यात एकदम १,३२८ जुन्या मृत्यूंची भर पडली. ही माणसं त्याआधीच गेली होती, हिशेबात मात्र आली नव्हती. प्रयोगशाळांची यादी एका पोर्टलवर होती, रुग्णालयांची दुसऱ्यावर, आणि दोन्हींचा मेळ घातल्यावर फरक दिसला. कुणी मुद्दाम लपवलं का, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. एकाच रुग्णाची माहिती दोन ठिकाणी लिहिली जाते, आणि त्या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायची खात्रीची सोय आपल्याकडे नव्हती.

ही सोय देशभर उभी करायचं काम सध्या ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने चालू आहे. त्याचा एक तुकडा बहुतेकांच्या हाती आलाय, तो म्हणजे आभा कार्ड. बाकीचे तुकडे सहसा दिसत नाहीत, आणि अडचणी नेमक्या तिथेच आहेत.

दिल्लीत काय ठरलं

हा भाग भरभर सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात डिजिटल आरोग्य व्यवस्थेचा विचार मांडला गेला. २०१८ मध्ये नीती आयोगाने तिचा पहिला आराखडा काढला. २०१९ मध्ये जे. सत्यनारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखडा तयार केला. आजची रचना बरीचशी त्याच कागदावरून उचललेली आहे. १५ ऑगस्ट २०२० ला मिशनची घोषणा झाली आणि आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली: अंदमान-निकोबार, चंदीगड, दादरा-नगर हवेली व दमण-दीव, लडाख, लक्षद्वीप आणि पुदुच्चेरी. २७ सप्टेंबर २०२१ पासून योजना देशभर लागू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. राबवणारी संस्था आहे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण.

१,६०० कोटी ऐकायला मोठे वाटतात. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ३२० कोटी, आणि १४० कोटी लोकांमध्ये वाटले तर माणशी वर्षाला सव्वादोन रुपयांच्या आसपास. एवढ्यात केंद्राला मधला सांगाडा उभा करता येतो. दवाखान्यातला संगणक, इंटरनेट, तिथे बसणारा माणूस आणि त्याचा पगार हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून यायचं आहे. शिवाय राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. केंद्राला नियम लिहिता येतात, पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोणतं सॉफ्टवेअर चालेल हे राज्य ठरवतं.

चार तुकडे

पहिला तुकडा म्हणजे आभा क्रमांक. चौदा आकडी असतो, आधारवरून किंवा वाहन परवान्यावरून काढता येतो. आयुष्मान कार्ड ते हे नव्हे, आणि हा गोंधळ गावोगावी आहे. आयुष्मान कार्ड हे पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत देणाऱ्या योजनेचं कार्ड आहे. आभावर एक रुपयाही मिळत नाही. आभाचं काम एकच, ही नोंद अमुक माणसाची आहे हे सांगणं.

दुसरा तुकडा डॉक्टर, नर्स आणि इतर आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही. तिसरा दवाखाने, रुग्णालयं, लॅब, औषध दुकानं यांची. या दोन याद्यांचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते आणि तो कायदा खाटा असलेल्या ठिकाणांपुरता आहे. चौकातल्या, एका खोलीतल्या दवाखान्यांची पूर्ण यादी कुठल्या एका कार्यालयात मागायला गेलात तर ती मिळणार नाही. साथ आली की या दवाखान्यांपर्यंत निरोप तरी कसा पोहोचवायचा?

चौथा तुकडा सर्वांत नाजूक: संमती. तुमच्या नोंदी दिल्लीच्या एखाद्या मोठ्या सर्व्हरवर गोळा होत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट लॅबमध्येच राहतो, डिस्चार्ज कार्ड रुग्णालयातच राहतं. नव्या डॉक्टरांना ते बघायचं असेल तर ते मागणी पाठवतात, तुमच्या अ‍ॅपवर निरोप येतो, आणि कोणत्या नोंदी दाखवायच्या, कोणत्या तारखांच्या, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता. होकार दिलात की रिपोर्ट लॅबकडून थेट डॉक्टरांकडे कुलूपबंद जातो. मधल्या यंत्रणेला होकार दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. यूपीआयवर आपले पैसे आपल्याच बँकेत राहतात आणि मध्ये फक्त निरोप फिरतो, त्याच धर्तीची ही रचना आहे.

असं विखुरलेलं का ठेवलं, हे समजायला इंग्लंडकडे बघावं लागतं. तिथे २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने प्रत्येक रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. थोड्याच बड्या कंपन्यांना कंत्राटं देऊन, वरून ठरवलेलं सॉफ्टवेअर रुग्णालयांवर बसवायचं असा बेत होता. डॉक्टरांना नीट विचारलंच गेलं नाही. अब्जावधी पौंड खर्च झाल्यावर २०११ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळायचं जाहीर झालं. भारताने तो रस्ता टाळला, आणि माझ्या मते हा या धोरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. मात्र त्याची किंमत आहे. नोंदी जिथल्या तिथे राहणार असतील तर ‘जिथे’ नोंद तयार होते ती जागा सक्षम असावी लागते.

ऊसतोडीला गेलेली बाई

धोरण पाळलं जातंय की नाही हे बघायला मी एक प्रसंग डोळ्यासमोर धरतो. समजा, बीड जिल्ह्यातली एक बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. उपकेंद्रात तिची नोंद झालेली आहे. हिमोग्लोबिन कमी, आधीचं बाळंतपण सिझेरियनने, रक्तगट आरएच निगेटिव्ह. दसरा-दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर, टोळीबरोबर कोल्हापूर किंवा सांगलीकडे, नाहीतर सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात ऊसतोडीला जाते. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलंय. आठव्या महिन्यात पोटात दुखायला लागतं आणि तिला कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात आणतात.

डॉक्टरांना त्या क्षणी तीन गोष्टी हव्या आहेत: रक्तगट, आधीचं सिझेरियन, हिमोग्लोबिन. तिन्ही कुठेतरी लिहिलेल्या आहेत. त्या इथवर येण्यासाठी काय काय घडायला हवं ते मोजून बघू.

बीडच्या उपकेंद्रात आरोग्यसेविकेने ही माहिती रजिस्टरबरोबर संगणकात किंवा टॅबमध्ये भरलेली हवी. भरताना ती बाईच्या आभा क्रमांकाला जोडलेली हवी. तो क्रमांक खरोखर तिचाच हवा, जावेचा नको. उपकेंद्राचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं हवं. कारखान्याजवळच्या दवाखान्याचंही हवं. त्या वेळी वीज आणि नेट हवं. आणि बाईने होकार द्यायला हवा, त्यासाठी तिच्या हातात फोन हवा.

हा शेवटचा दुवा सर्वांत कच्चा आहे. होकाराचा ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. तो नंबर कधी नवऱ्याचा असतो, कधी चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. नवरा फडात आहे, फोन त्याच्या खिशात आहे. कागदावर अत्यंत आदर्श असलेली संमतीची रचना इथे एका सिमकार्डाशी अडते. स्वतःचा फोन असलेल्या शहरी माणसाच्या हातात या व्यवस्थेने खरी सत्ता दिली आहे. जिच्याकडे फोन नाही, तिच्यासाठी होकार म्हणजे काऊंटरवरच्या माणसाने सांगितलेला आकडा वाचून दाखवणं. हा प्रश्न बाजूला ठेवून ‘अंमलबजावणी पूर्ण’ असं म्हणता येणार नाही, कारण स्थलांतर करणाऱ्या माणसालाच फिरत्या नोंदीची गरज सर्वांत जास्त आहे.

मशीनला कळेल असं लिहिणं

माहिती पोहोचली तरी ती समजायला हवी. एक डॉक्टर ‘डीएम’ लिहितात, दुसरे ‘टाइप टू डायबेटिस’, तिसरे नुसतं ‘शुगर’. माणसाला तिन्हींचा अर्थ एकच कळतो. संगणकाला ते तीन वेगळे आजार वाटतात आणि जिल्ह्यात मधुमेहाचे रुग्ण किती, या प्रश्नाचं उत्तर चुकतं.

यासाठी ठरावीक संकेत वापरायचे असतात. आजार आणि लक्षणांसाठी ‘स्नोमेड सीटी’, तपासण्यांसाठी ‘लॉइंक’, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती पाठवायच्या साच्यासाठी ‘फायर’. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे इथे ते विनामूल्य वापरता येतं. इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं केंद्राने २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. नियम कमी नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी आजही जोडली जाणारी ‘डिजिटल नोंद’ म्हणजे हाताने लिहिलेल्या केसपेपरचा फोटो किंवा पीडीएफ असते. डॉक्टर ती वाचू शकतात, तेवढा फायदा आहेच. मात्र तिच्यातून हिमोग्लोबिनचा आलेख निघत नाही, की दोन औषधं एकमेकांना मारक आहेत असा इशाराही मिळत नाही.

लिहिणारा हात कुणाचा

माझं मुख्य म्हणणं इथे आहे. आरोग्य माहितीच्या कुठल्याही योजनेचं खरं ठिकाण म्हणजे ती नोंद करणारी व्यक्ती आणि तिच्याकडे असलेला वेळ. त्या व्यक्तीला नोंदीतून काही परत मिळत नसेल तर ती नोंद कधीच नीट होणार नाही, वरून कितीही आदेश येवोत.

उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे बघा. माता आणि बालकांची माहिती आरसीएच पोर्टलवर. क्षयरुग्ण ‘निक्षय’वर. रक्तदाब-मधुमेहाची तपासणी एनसीडी पोर्टलवर. ताप, अतिसार, डेंग्यूच्या नोंदी रोगसर्वेक्षणाच्या ‘आयएचआयपी’वर. लसीकरण ‘यू-विन’वर. महिन्याचा गोषवारा एचएमआयएसवर. आणि हे सगळं रजिस्टरमध्येही, कारण तपासणीला आलेले साहेब रजिस्टरच मागतात. एकाच बाईचं नाव, वय, गाव ती पाच ठिकाणी लिहिते. प्रत्येक पोर्टल वेगळ्या कार्यक्रमाने, वेगळ्या वर्षी, वेगळ्या निधीतून काढलं. २०१९ च्या आराखड्याचा गाभाच असा होता की माहिती एकदा भरावी आणि तिथूनच सगळीकडे जावी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जुनी पोर्टलं तशीच राहिली आणि आभा क्रमांक टाकण्याचा आणखी एक रकाना वाढला.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन वारंवार बिघडायचे, पोषण ट्रॅकर अ‍ॅप पेलवायची त्यांची ताकद नव्हती, आणि अ‍ॅपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागायची. त्या सेविकांना तंत्रज्ञान नको होतं असं तेव्हा काहींनी म्हटलं. मला ते अन्यायाचं वाटतं. कामाचं हत्यार नीट द्या, आपल्या भाषेत द्या आणि त्याचे पैसे द्या, इतकीच त्यांची मागणी होती. पुढे आशाताईंच्या संपांतही ऑनलाइन कामाचा बोजा हा मुद्दा सतत आला. आशाताई मानधनावर आहेत. त्यांच्या फोनवर, त्यांच्या रिचार्जवर देशाची आरोग्य माहिती उभी राहते आहे, आणि धोरणाच्या कागदात त्यांचा उल्लेख ‘वापरकर्ता’ एवढाच असतो.

दुसरी गोष्ट भीतीची. आकडा वाईट आला तर लिहिणाऱ्यालाच नोटीस मिळणार असेल, तर वाईट आकडा लिहिला जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव जन्म आणि बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त मृत्यू पुढे आले. तिथे मोजणाऱ्या गावकऱ्यांना खरा आकडा सांगण्याची भीती नव्हती. टॅब दिला म्हणून हा फरक मिटत नाही. बालमृत्यू कळवणाऱ्या सेविकेला जाब विचारायचा की मदत पाठवायची, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या बैठकीत ठरतं.

खासगी दवाखाना का जोडला जाईल

आपल्या देशात आजारपणाच्या जवळजवळ ७० टक्के वेळा लोक सरकारीबाहेरच्या डॉक्टरकडे जातात. म्हणजे नोंदींचा मोठा भाग तिथे तयार होतो, किंवा होतच नाही. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-अडीच मिनिटं मिळतात. त्यात टाइप करायचं म्हटलं तर रुग्णाकडे बघणंच राहून जाईल. डॉक्टरांचा हा आक्षेप खरा आहे.

यावर राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने २०२३ पासून पैशाचं प्रोत्साहन सुरू केलं. ठरलेल्या संख्येच्या वर जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालयाला २० रुपये, एकूण कमाल ४ कोटींपर्यंत. सॉफ्टवेअर कंपन्यांनाही वाटा. सुरुवातीची ढकल म्हणून हे ठीक आहे. मात्र नोंदीच्या संख्येला पैसे दिले की संख्या वाढते. नोंद पुढे कुणाच्या उपयोगी पडली का, हे त्यात मोजलं जात नाही.

याउलट ज्या गोष्टीने काऊंटरवरचा त्रास लगेच कमी झाला ती लवकर रुजली. ‘स्कॅन अँड शेअर’ २०२२ मध्ये दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातून सुरू झालं. भिंतीवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, नाव-वय-पत्ता आपोआप जातो, टोकन मिळतं, केसपेपरची रांग टळते. यात वैद्यकीय माहिती काहीच नाही. तरी रुग्णालाही फायदा आणि कारकुनालाही, म्हणून ते देशभर पसरलं. लहान दवाखान्यांसाठी मुंबई, अहमदाबाद आणि सुरतच्या प्रयोगांवरून ‘मायक्रोसाइट’ची कल्पना निघाली: एका भागातले छोटे दवाखाने, लॅब आणि औषध दुकानं एकदम जोडायची, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी शेजारच्या लॅबला दिसेल. मला ही कल्पना पटते. एकटा दवाखाना जोडून त्याला काही मिळत नाही, गल्ली जोडली तर मिळतं.

विश्वास

कोरोना लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या असंख्य लोकांचे आरोग्य क्रमांक, म्हणजे आजचे आभा क्रमांक, त्यांच्या नकळत तयार झाले. लसीच्या प्रमाणपत्रावर तो क्रमांक पाहून लोक चकित झाले. धोरण म्हणतं हे ऐच्छिक आहे, आणि सुरुवातच अशी झाली. संमतीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हे शोभत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हर बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात कागद-पेनावर काम चाललं. एम्सची ही गत, तर दहा खाटांच्या रुग्णालयात सायबर सुरक्षा कोण बघणार? विखुरलेल्या रचनेत एका ठिकाणची चोरी सगळीकडे पसरत नाही हे खरं, पण कुलपं हजारो लागतात आणि प्रत्येक कुलूप कुणीतरी सांभाळावं लागतं.

कायदा उशिरा आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. परंतु आधीच्या मसुद्यांमध्ये आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती, अंतिम कायद्यात ती वर्गवारी नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि मोबाईल नंबर कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत. मला हे चुकीचं वाटतं.

एस्टोनियासारख्या छोट्या देशात नागरिकाला आपली नोंद कुणी उघडली, कधी उघडली, हे स्वतः बघता येतं. कारण नसताना डोकावणाऱ्या डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. लोकांचा विश्वास त्यामुळे बसतो. आपल्याकडे आभा अ‍ॅपमध्ये दिलेल्या संमत्या दिसतात आणि रद्दही करता येतात, पण रुग्णालयाच्या आत तुमची फाईल कोणकोणत्या लॉगिनने उघडली हे तुम्हाला कळत नाही.

कोणता आकडा विचारावा

२०२५ च्या सुरुवातीला ७३ कोटींहून जास्त आभा क्रमांक निघाले होते. त्यांना जोडलेल्या नोंदी होत्या सुमारे ४९ कोटी, म्हणजे माणशी एकही नाही. जिल्हा आढावा बैठकीत पहिलाच आकडा वाचला जातो. माझ्या लेखी विचारण्याजोगा आकडा वेगळा आहे: एका ठिकाणी तयार झालेली नोंद दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या होकाराने किती वेळा उघडली? बीडची नोंद कोल्हापुरात किती वेळा दिसली? आणि आरोग्यसेविकेची किती रजिस्टरं बंद झाली? पत्रकारांनी, ग्रामसभेने, आरोग्य समितीच्या सदस्यांनी हे विचारायला हरकत नाही.

तोवर आपल्यापुरतं करण्यासारखं थोडं आहे. आभाला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तपासा; घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आधी. होकार देताना मुदत कमी ठेवा, एका भेटीला वर्षभराची परवानगी लागत नाही. काऊंटरवर आभा नाही म्हणून केसपेपर नाकारत असतील तर हे ऐच्छिक आहे असं ठामपणे सांगा. गरोदर बाई गाव सोडून जाणार असेल तर कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो तिच्या आणि टोळीतल्या आणखी एका बाईच्या फोनमध्ये ठेवा. आणि रुग्णालय कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम दाखवा: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते, आभा असो वा नसो.